कोऱ्या मशीनवर चालवून दाखव

दर रविवारी सकाळी आंघोळ झाली की मुरलीधर सर आपला लॅपटॉप पुसायचे. फडक्यानं नव्हे, आतून. म्हणजे त्यातल्या फायली, फोटो, प्रोग्राम, जिच्या जोरावर लॅपटॉप उठतो-बसतो ती मूळ यंत्रणा, सगळं साफ. दुकानातून आणला त्या दिवशी होता तसा कोरा. मग ते लोकरीच्या विणलेल्या पिशवीतून एक जुनी हार्डडिस्क काढायचे, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा उभं करायचे. सतरा मिनिटांत जमलं तर दुपारी एक भाकर जास्त. वीसच्या वर गेलं तर दिवसभर कोणाशी बोलणं नाही.

बाकीचं डोणगाव रविवारी म्हशी धुतं, मोटारसायकली धुतं. सर लॅपटॉप धुवायचे.

मी पत्रकं लिहिणारी मुलगी. आडपडदा ठेवून लिहायची मला सवय नाही, म्हणून सांगून टाकते: हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा माणूस कामातून गेलाय, असं माझं स्पष्ट मत झालं होतं. चार महिन्यांत ते मत कुठे गेलं, त्याचा हा जबाब.

मेहकर रस्त्याला सरकी-ढेपेचं एक दुकान होतं. बाजूच्या लोखंडी जिन्यानं वर गेलं की सरांचा कंप्युटर क्लास. खालच्या ढेपेचा वास वर यायचा आणि तिथं शिकलेल्या माणसाला तो जन्मभर पुरायचा. मला आजही कुठं गुरांसमोर भिजवलेली सरकी दिसली की बोटं आपोआप कीबोर्ड शोधतात. खोलीत सहा मशीन, एक माठ, आणि सरांच्या टेबलावर लाल रंगाचा तारेचा फोन. तो फोन मी कधी वाजताना ऐकला नाही. पण सर रोज सकाळी अकराला कुलूप उघडलं की आधी रिसीव्हर उचलून कानाला लावायचे. आतली घुर्र ऐकू आली की म्हणायचे, "जिता हाय." मग पंखा लावायचे. मोबाईल होता त्यांच्याकडे, तो ड्रॉवरमध्ये उपाशी पडलेला असायचा.

दारावर खडूनं लिहिलेलं होतं: 'माझ्याकडं तर चालते' असं म्हणणाऱ्यानं चपला घालून खाली जावं.

हे एक वाक्य सरांना सहन होत नसे. आणि त्यावर त्यांचं एकच उत्तर ठरलेलं, "कोऱ्या मशीनवर चालवून दाखव." ते कंप्युटरपुरतं असतं तर ठीक होतं. पण सर ते सगळ्या जगाला लावायचे. खालचे ढेपवाले बाबाराव एकदा कौतुकानं म्हणाले, "मुरली, पोरगा मले लय मान देते." सर म्हणाले, "तुह्या घरी देत असन. दुसऱ्याच्या घरी कोणाले देते का, ते सांग." बाबाराव दोन दिवस जिना चढले नाहीत. एका बाईंनी सुनेच्या स्वयंपाकाची तारीफ केली, तर सर म्हणाले, "तुमच्या चुलीवर करते ती. दुसऱ्याच्या चुलीवर, दुसऱ्याच्या तव्यावर करू द्या एक डाव."

माझ्या पत्रकालाही त्यांनी सोडलं नाही. मी मोठ्या अभिमानानं एक ताजं पत्रक त्यांच्यापुढे ठेवलं. 'जाहीर सवाल' असा मथळा, खाली सात मागण्या, प्रत्येकीच्या शेवटी उद्गारचिन्ह. सरांनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"हे तुह्याकडं चालते, पत्रकबाई."

"म्हणजे काय सर?"

"म्हंजे ज्याले आधीच राग आलेला हाय, त्याच्यावर चालते. ज्याले अजून राग आला नाई, त्याच्यावर चालवून दाखव."

मला इतका संताप आला की मी ते पत्रक पुन्हा लिहून काढलं. चार मागण्या, उद्गारचिन्ह एकही नाही. दुसरं पत्रक लोकांनी वाचलं. हे मी सरांना कधी सांगितलं नाही.

मी त्यांच्याकडे गेले ती पाण्यासाठी. आमच्या गावाचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर गावातलीच माणसं आधी अंगावर येतील. कागदावर आमच्या नळाला तिसऱ्या दिवशी पाणी होतं. खरं तर आमच्या गल्लीत ते आठव्या-नवव्या दिवशी यायचं, तेही अर्धा तास, त्यात पहिली दहा मिनिटं नुसती हवा. तक्रार केली की उत्तर ठरलेलं, "पुरावा आणा." मग आम्ही ठरवलं, आणूच. प्रत्येक घरातल्या बाईनं पाणी आलं तो दिवस, ती वेळ, भरलेले हंडे लिहून ठेवायचे. आमच्या गावचा संदीप इंजिनीअर होऊन नोकरीची वाट बघत घरी बसला होता. त्यानं त्या नोंदींचा प्रोग्राम केला. गल्ली निवडली की महिन्याचं पान समोर यायचं, पाणी आलं तो दिवस निळा, नाही तो लाल. संदीपच्या लॅपटॉपवर ते इतकं झकास दिसायचं की आपली गल्ली एवढी लाल आहे याचाच मला आनंद व्हायचा.

पण नोंदी टाकायला आणखी तीन पोरी होत्या. त्यांच्या लॅपटॉपवर तो प्रोग्राम चालेना. एकीकडे अक्षरांच्या जागी चौकोन, दुसरीकडे उघडताच बंद, तिसरीकडे तर लॅपटॉपच गरम होऊन थांबला. आम्ही चौघी आणि संदीप असा मोर्चा घेऊन ढेपेच्या दुकानावर चढलो. आणि संदीप दारावरचा खडू न वाचता म्हणाला, "सर, माझ्याकडं तर चालते."

सरांनी चष्मा काढला. आम्हाला वाटलं, आता चपला. पण सर अगदी शांतपणे म्हणाले, "संदीप, तू वावरात रोडगे करायले गेला तं काय काय नेते बे?"

रोडगे म्हणजे आमच्याकडची चैन. शेतात झाडाखाली गोवऱ्यांचा आर, म्हणजे निखारे, करायचा, त्यात गव्हाच्या कणकेचे गोळे भाजायचे, तुपात बुडवून वांग्याच्या भाजीशी खायचे. संदीप गोंधळून म्हणाला, "कणीक, वांगे, तेल, तूप..."

"मीठ?"

"नेतोच न सर."

"काऊन? वावरवाल्याच्या घरी मीठ असंनच की."

"असंन, पण भरवसा काय?"

"हां!" सर टेबलावर थाप मारून उठले. "तुह्या प्रोग्रामनं तेच केलं. लोकाच्या मशीनवर गेला अन मीठ मागत बसला. ही भाषा हाय का, तिची हीच आवृत्ती हाय का, हे अक्षर हाय का, तो डेटाबेस हाय का. नसलं की रडते. अबे, मीठ घरून ने! गोवऱ्या घरून ने! लोकाच्या वावरात फक्त सावली माग!"

हीच ती सरांची डब्यांची विद्या. जगात त्याला कंटेनर म्हणतात, सर डबा म्हणत. प्रोग्रामला लागेल ते सगळं, मिठापासून चुलीपर्यंत, एका डब्यात बंद करायचं. डबा कसा भरायचा याची कृती एका फाईलीत ओळीनं लिहून ठेवायची. डबा कोणत्याही मशीनवर ठेवला की आतलं जेवण तेच, चव तीच. आमच्यासाठी दोन डबे झाले, एकात संदीपचा प्रोग्राम आणि दुसऱ्यात नोंदींचा डेटाबेस. दोघांनी एकमेकांशी कसं बोलायचं हेही कृतीतच लिहिलेलं. मग एकच हुकूम द्यायचा की दोन्ही डबे उघडतात.

सांगायला सोपं आहे. करताना आम्हाला दोन महिने लागले. आमच्याकडे नेट वाऱ्यावर चालतं. वारा सुटला की जातं. त्यामुळे सरांनी लागणारं सगळं त्या लोकरीच्या पिशवीतल्या डिस्कवर आधीच भरून ठेवलं होतं. पहिल्यांदा कृती लिहिताना संदीपनं नोंदींच्या फाईलीचा पत्ता म्हणून स्वतःच्या लॅपटॉपवरच्या स्वतःच्या फोल्डरचा पत्ता घातला. सर म्हणाले, "म्हंजे पाहुण्याले सांगतलं, हळद आमच्या घरच्या कोनाड्यात हाय, घेऊन ये." संदीपनं पाच वेळा कृती बदलली. पाचही वेळा सरांनी एक मशीन पुसून कोरं केलं आणि म्हणाले, "चालव."

त्या शनिवारच्या दुपारी मला आज फार आठवतात. खाली बाबारावांचा तराजू खडखडतोय, माठातलं पाणी संपलंय, चार पोरी आणि एक बेकार इंजिनीअर मशीनभोवती वाकलेत, आणि पडद्यावर पांढऱ्या ओळी भरभर सरकतायत. एखादी ओळ अडली की सगळ्यांचा श्वास अडायचा. सर मागे हात बांधून उभे. पडद्याकडे नाही, आमच्या तोंडांकडे बघायचे. तेव्हा वाटायचं, परीक्षा घेतात. आता वाटतं, ती खोली भरलेली त्यांना बघायची असायची.

आणि मग झाला तो अनर्थ. एके दिवशी सर सहज म्हणाले, "संदीप, डबे घासून काढ. नवे भर." संदीपनं जुने डबे पुसले, नवे उघडले. प्रोग्राम सुरू झाला आणि सगळ्या गल्ल्या कोऱ्या! अकरा दिवसांच्या नोंदी गेल्या होत्या. डेटाबेसचा डबा पुसला, त्यासोबत आतलं सगळं धुऊन गेलं. संदीप खुर्चीत बसला तो उठेचना. तिघी पोरी माझ्याकडे बघायला लागल्या, जणू मी निषेधाचं पत्रक काढलं की नोंदी परत येतील. सर पाणी प्यायले. त्यांनी पिशवीतून डिस्क काढली आणि म्हणाले, "काल मी बाहेर काढून ठेवल्या होत्या."

मी ओरडलेच. "मग आधी सांगायचं ना सर! पोरगं अर्धमेलं झालं!"

"आधी सांगतलं असतं तं शिकलं असतं का?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुही माय कानातले कुठी ठेवते?"

माझी आई कानातले डाळीच्या डब्यात ठेवते. आमच्या भागातल्या अर्ध्या बाया तिथंच ठेवतात. चोर डाळ कशाला उपसेल, असा हिशेब. एका होळीला ते कानातले पुरणासोबत शिजले आणि मामाच्या दातांखाली सापडले.

"डबा घासायचा असते, पोरी," सर म्हणाले. "कवाबी फेकता आला पाह्यजे. जे फेकता येत नाई, ते डब्याबाहेर ठेवावं. अन डबा उघडताना बाहेरून जोडावं."

मी हे वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलं की समजलं असं मला त्या वयात वाटायचं.

नोंदी झाल्या, तक्रार गेली आणि एकदाची सुनावणीची तारीख आली. आता इथं मी सरांवर जो राग काढला तोही लिहिला पाहिजे. सुनावणी तालुक्याच्या गावी, दुपारी बाराला. संदीपला नेमकं त्याच दिवशी पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं. मी सरांकडे गेले आणि म्हटलं, तुम्ही चला.

"मले नाई जमत. अकरा ते सहा मी इथून हालत नाई."

"काऊन सर? क्लासले तर त्या दिवशी सुट्टी हाय."

"फोन येते."

"कोणाचा फोन येते? चार महिन्यांत वाजलेला नाही तो!"

सर डिस्कच्या पिशवीची नाडी बांधत राहिले. म्हणाले, "तू चालवजो. माझ्या हातानं चाललं तं काय चाललं? सगळं 'वाचा-आधी'त लिहेल हाय. वाचजो."

'वाचा-आधी' ही डिस्कवरची एक फाईल. सर प्रत्येकाला ती वाचायला सांगायचे आणि कोणीही वाचत नसे. संदीपला हुकूम पाठ होते, आम्हाला संदीप पाठ होता. पण मला तेव्हा ती फाईल दिसत नव्हती. मला दिसत होता तो फक्त ऐन वेळी मागे सरणारा एक सुशिक्षित माणूस, आणि अशांबद्दल माझ्याकडे तयार वाक्यं भरपूर होती. मी म्हटलं, "तुमच्यासारख्यांमुळेच सगळं अडते सर. खोलीत बसून शहाणपण शिकवायचं अन लढायची वेळ आली की फोन येते. पळपुटे आहात तुम्ही." डिस्क उचलली आणि जिना दणदण उतरले.

खाली बाबारावांनी सगळं ऐकलं होतं. ढेपेच्या पोत्यावर बसवून त्यांनी पाणी दिलं.

"लय बोलली वं माय त्याले."

"खोटं बोलले का?"

"तुले दिलीप माहीत नाई म्हून बोलली." मग त्यांनी सांगितलं. क्लास एकट्या सरांचा नव्हता. मुरली आणि दिल्या, दोघांचा. या भागात कंप्युटर कोणी पाहिला नव्हता तेव्हा दोघांनी अकोल्याहून एक जुनं मशीन एसटीनं आणलं. गोधडीत गुंडाळून, मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, आत काय आहे? दिल्या म्हणाला, आजी आहे, झोपली आहे. पूर्ण गाडी हसली. "सकाळी दोघं एका ताटात जेवत, दुपारी भांडत. दिल्या चिडका, हा हट्टी. पुढं दुसरबीडच्या एका शाळेसाठी निकालाचा प्रोग्राम केला त्यायनं. केला दिल्यानं. शाळेत नेला, साऱ्या मास्तरांसमोर लावला, तं निकालच दिसेना. दिल्या म्हणे, माझ्याकडं तं चालते. अन हा सगळ्यायसमोर म्हणला, मंग तू अन तुही मशीन, दोघंच राहा. दिल्यानं मशीन उचललं अन गेला. पुण्याले गेला म्हणतात, मंग आणखी कुठी. त्याले फक्त हाच नंबर पाठ होता. क्लासचा." बाबारावांनी वर बोट केलं. "म्हून ते लाल डबडं अजून जितं हाय."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, रागही तसाच होता. एका माणसाच्या फोनसाठी पूर्ण गावाचं पाणी अडायचं का? असा सवाल मनात घेऊनच मी सुनावणीला गेले.

कार्यालयाचं नाव लिहीत नाही. साहेब वाईट नव्हते, थकलेले होते. मी लॅपटॉप उघडायला लागले तसे म्हणाले, "बाई, तुमच्या लॅपटॉपवर तुम्ही काहीही तयार करून आणाल. आमच्या मशीनवर दाखवा." आणि मोठ्या बाबूंना म्हणाले, "तुम्ही मुलीसाठी नवा घेतलाय ना? तो द्या." बाबूंनी खोक्यातून लॅपटॉप काढला. पडद्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. साहेब डबा घेऊन उठले. "मी जेवून येतो. तोवर लावा. नाही लागलं तर पुढची तारीख."

पुढची तारीख म्हणजे उन्हाळा उलटून. आणि समोर कोरं मशीन.

आठवत होतं ते करत गेले. डिस्क लावली, डब्यांचं मूळ सॉफ्टवेअर चढवलं. मशीन स्वतःच बंद झालं, स्वतःच चालू झालं, आणि मग पडदाभर लाल अक्षरं. मी घाबरले आणि घाबरले की मी चिडते. झाकण आपटणार, एवढ्यात वाटलं, ती फाईल तरी बघू. मी पत्रकं वाटायची तेव्हा न वाचता खिशात कोंबणाऱ्यांना काय काय बोलायची! आणि चार महिने सरांचं पत्रक माझ्या हातात होतं.

'वाचा-आधी' उघडली. पहिली ओळ अशी होती:

'दिल्या, आधी बूड टेकव. चहा सांग.'

मी पुन्हा वाचली. खाली पायऱ्या होत्या.

'तिसरी पायरी. इथं लाल अक्षरात ओरडते. तू चिडशीन. चिडू नको. त्याले ओरडू दे, मशीन एक डाव बंद करून चालू कर अन पुढं जा.'

बंद केलं, चालू केलं. लाल अक्षरं गेली. चौथ्या पायरीला डबे उतरले, पाचवीला हुकूम दिला. पांढऱ्या ओळी सरकल्या. एवढं झालं की झालं, असं मला पाठ होतं. तेवढ्यात साहेब हात पुसत आत आले. प्रोग्राम उघडला, गल्ल्यांची नावं आली, आणि सगळी पानं कोरी.

"हे तर रिकामं आहे," साहेब म्हणाले.

बाबू हसले. तोंडाशी आलेलं वाक्य मला स्वच्छ ऐकू आलं: माझ्याकडं तर चालते. दात आवळून मी ते गिळलं आणि फाईल खाली सरकवली.

'सहावी पायरी. आता नोंदींची फाईल बाहेरून जोड. हे इसरलं तं सगळं चालते, पण रिकामं दिसते. दुसरबीडले हेच झालं होतं, दिल्या. निकालाची फाईल फ्लॉपीवर घ्यायची मीच इसरलो होतो. तुहा प्रोग्राम बरोबर होता. मले दुसऱ्याच दिवशी समजलं, पण तू निघून गेला होता. खालची ओळ जशीच्या तशी लिही.'

खालची ओळ मी जशीच्या तशी लिहिली. अक्षरं धूसर दिसत होती, पण बोटांनी नीट लिहिली. पान एकदा मिटून उघडलं आणि आमची गल्ली लालभडक झाली. मग पुढची गल्ली, मग त्याच्या पुढची. साहेब खुर्ची ओढून बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "हे निळं म्हणजे पाणी आलं तो दिवस?" मी हो म्हटलं. "एवढेच?" ते म्हणाले. त्यांनी तिथंच पाहणीचा आदेश लिहायला घेतला. पाणी आमच्या गल्लीला पुढे चौथ्या दिवशी यायला लागलं. तिसऱ्याचं वचन अजून बाकी आहे, ते मी विसरलेली नाही.

डिस्क पिशवीत घालायच्या आधी मी फाईलीची शेवटची ओळ वाचली.

'चाललं तं फोन कर. नंबर तोच हाय.'

कार्यालयाच्या बाहेर लिंबाखाली सायकली लावतात. तिथं उभी राहून मी क्लासचा नंबर लावला. पहिली घंटी पूर्ण व्हायच्या आत रिसीव्हर उचलला गेला.

"दिल्या?"

सरांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. पलीकडे पंख्याची घरघर येत होती.

"नाही सर. मी."

"...हां. पत्रकबाई." "चाललं का?"

"चाललं सर."

"कोणाच्या मशीनवर?"

"दुसऱ्याच्या. एकदम कोऱ्या."

"सहावी पायरी इसरली होती न?"

"हो. मग वाचली." मला 'पळपुटे' या शब्दाची माफी मागायची होती, पण ती एवढ्याशा वाक्यात बसेना. "सर, ज्यानं कधी पाहिलं नव्हतं त्याच्याकडंही चाललं. सगळं बरोबर लिहिलंय तुम्ही. तुमच्या दिल्याकडंही चालेल."

सर म्हणाले, "बरं. ठेव आता, पोरी. लाईन गुंतून राहते."